कोबीची पचडी

कोबीची पचडी हे महाराष्ट्रीय जेवणातील एक तोंडीलावणे आहे. बारीक चिरलेला कोबी, हिरवी मिरची, दाण्याचे कूट, लिंबाचा रस आणि मोहरी-हिंगाची फोडणी हे तिचे मुख्य घटक होत. पचडी दोन रीतींनी करतात. पहिल्या रीतीत कच्च्या कोबीवर कढत फोडणी ओतून तो कालवतात. दुसऱ्या रीतीत कोबी फोडणीतच मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परततात. परतलेल्या पचडीत कोबीचा उग्र कच्चा वास जातो, मात्र दाताखाली जाणवणारी करकर कायम राहते. चिरण्यापासून वाढण्यापर्यंत साधारण पंधरा ते वीस मिनिटे लागतात. सोलापूर जिल्ह्यासारख्या ज्वारीच्या प्रदेशात ही पचडी भाकरीबरोबर खाल्ली जाते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने परतलेल्या पचडीचा विचार केला आहे.

नाव आणि व्युत्पत्ती

'पचडी' हा शब्द मराठीप्रमाणेच कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या भाषांतही थोड्याफार फरकाने आढळतो. हिरवे किंवा कच्चे असा अर्थ असलेल्या 'पच्च' या द्राविडी शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो. अर्थ मात्र भाषेगणिक बदलतो. तेलुगूत 'पच्चडी' म्हणजे वाटलेली चटणी किंवा लोणच्याचा प्रकार. तमिळ आणि मल्याळम भाषिक घरांत ती बहुधा दह्यात कालवलेली भाजी असते. उत्तर कर्नाटकात कच्च्या भाज्यांच्या मिश्रणाला पचडी म्हणतात. मराठीतील अर्थ या शेवटच्या अर्थाला सर्वांत जवळचा आहे.

सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीनही भाषांचा सहवास आहे. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड बोलली जाते, तर सोलापूर शहरात विणकामाच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेला मोठा तेलुगू भाषिक समाज आहे. त्यामुळे एकाच शहरात 'पचडी' या शब्दाने दोन घरांत दोन वेगळे पदार्थ ओळखले जाऊ शकतात.

'कोबी' हे नाव पोर्तुगीज भाषेतील 'कोउवे' या शब्दावरून आले आहे. बटाटा हे नावही त्याच मार्गाने मराठीत आले.

पानातील स्थान

पारंपरिक मराठी पानात मीठ, लिंबाची फोड, चटणी, लोणचे आणि कोशिंबीर डाव्या बाजूस वाढतात, तर भाजी, उसळ व आमटी उजव्या बाजूस असतात. पचडीचे स्थान डाव्या बाजूस असते. उजवीकडचे पदार्थ पोट भरण्यासाठी पुरेशा प्रमाणात वाढले जातात. डावीकडचे पदार्थ थोडे वाढतात व ते आंबट, तिखट, खारट चव आणि करकरीतपणा यांची भर घालतात.

परतलेली पचडी आणि कोबीची भाजी यांतील फरक याच भूमिकेतून समजतो. दोहोंचे साहित्य पुष्कळसे सारखे असले तरी भाजीत कोबी झाकण ठेवून मऊ होईपर्यंत वाफवतात. पचडीत झाकण ठेवत नाहीत व कोबी पूर्ण शिजू देत नाहीत. कोशिंबिरीत भाजी सहसा कच्ची असून तिच्यात अनेकदा दही घालतात. रायत्यात दह्याचे प्रमाण आणखी वाढते. या नावांच्या सीमा सर्वत्र सारख्या नाहीत. एका घरातील पचडी दुसऱ्या घरात कोशिंबीर म्हणून ओळखली जाते.

घटकांचा इतिहास

पचडीतील घटक निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या प्रदेशांतून आलेले आहेत. मोहरी, हळद आणि लिंबू भारतात दीर्घकाळ वापरात आहेत. हिंग प्रामुख्याने इराण व अफगाणिस्तान या भागांतून येत असे. मिरची आणि भुईमूग ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून पोर्तुगीजांचा समुद्रमार्गे संपर्क सुरू झाल्यानंतर, म्हणजे १४९८ नंतरच्या काळात, ती भारतात पोहोचली. कोबीचे मूळ युरोपात आहे. त्याचे शास्त्रीय नाव 'ब्रासिका ओलेरासिया' असे असून फ्लॉवर, नवलकोल व ब्रोकोली ही त्याच प्रजातीची रूपे आहेत. मोहरीही याच 'ब्रासिका' वंशातील आहे. म्हणजे फोडणीतील मोहरी आणि तिच्यात पडणारा कोबी परस्परांचे नातलग आहेत.

यावरून पचडीचे आजचे रूप फार प्राचीन नाही, हे स्पष्ट होते. मळ्यातील ताजी भाजी चिरून भाकरीबरोबर खाण्याची पद्धत मात्र त्याहून जुनी आहे. मोडनिंबजवळील अरण हे संत सावता माळी यांचे गाव. तेथे त्यांची समाधी आहे. इ.स. १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या या संतकवीने आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या काळात या भागात कोबी, मिरची आणि शेंगदाणा यांपैकी काहीही नव्हते. मुळा, कांदा, लसूण आणि पालेभाज्या मात्र होत्या. मुळ्याची पचडी किंवा कोशिंबीर आजही या परिसरात होते व कोबीच्या पचडीशी तिचे साधर्म्य आहे.

मोडनिंब परिसर व पचडी

मोडनिंब हे सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील गाव असून ते पुणे–सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान आहे. कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावर त्याचे स्थानकही आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो व तोही बेभरवशाचा असतो. रब्बी ज्वारी हे येथील परंपरागत मुख्य पीक आहे. 'मालदांडी' या नावाने प्रसिद्ध असलेला ज्वारीचा वाण मोहोळ येथील संशोधन केंद्राशी निगडित आहे, तर मंगळवेढ्याच्या ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर कालव्यांच्या पाण्याखाली आलेल्या भागात ऊस, फळबागा आणि भाजीपाला यांचे क्षेत्र वाढले.

या भूगोलाचा ठसा पचडीवर दिसतो. कोकणात पचडीत ओले खोबरे घालतात. सोलापूरकडे त्याची जागा दाण्याचे कूट घेते. उखळात कुटलेली शेंगाचटणी ही सोलापूरची ओळख आहे. पचडीत वेगळे कूट न घालता हीच चटणी मिसळण्याची पद्धतही आढळते. करडई हे रब्बीतील तेलबियांचे पीक असल्याने फोडणीसाठी करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल वापरले जाई. आता सोयाबीन व सूर्यफुलाचे तेलही सर्रास वापरतात. ज्वारीची भाकरी कोरडी असते, त्यामुळे तिच्याबरोबर ओलावा असलेले तोंडीलावणे लागते. पचडी कडकडीत कोरडी न करता किंचित ओलसर ठेवण्याचे हेच कारण आहे.

कोबी हे मुख्यतः थंड हवामानातील पीक आहे. हिवाळ्यात, म्हणजे मार्गशीर्ष ते माघ या महिन्यांत, बाजारात येणारा गड्डा घट्ट, गोडसर आणि रसाळ असतो. याच काळात गाजर, मुळा, ओला हरभरा व कांद्याची पात मुबलक मिळते. उन्हाळ्यातील गड्डा तुलनेने सैल व उग्र असतो. त्यामुळे उन्हाळ्यात कच्च्या पचडीपेक्षा परतलेली पचडी अधिक रुचकर लागते.

साहित्य

चार माणसांसाठी पुढील प्रमाण पुरेसे होते.

कोबी – पाव किलो, शक्य तितका बारीक व लांब चिरलेला
गाजर – एक मध्यम, जाड किसलेले (ऐच्छिक)
हिरव्या मिरच्या – दोन किंवा तीन, उभ्या चिरलेल्या
भाजलेल्या शेंगदाण्यांचे जाडसर कूट – तीन मोठे चमचे
तेल – दोन लहान चमचे
मोहरी – अर्धा लहान चमचा
जिरे – पाव लहान चमचा
हिंग व हळद – प्रत्येकी चिमूटभर
कढीपत्ता – सात-आठ पाने
मीठ – चवीनुसार
साखर – चिमूटभर (ऐच्छिक)
लिंबू – अर्धे
कोथिंबीर – मूठभर, बारीक चिरलेली

कृती

कोबीची बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकतात. गड्ड्याचे चार भाग करून मधला दांडा वेगळा करतात व पाने सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुतात. धुतलेली पाने चाळणीत निथळून स्वच्छ कापडावर कोरडी करतात. त्यानंतर विळीवर किंवा सुरीने ती बारीक चिरतात. धुणे नेहमी चिरण्यापूर्वी करतात, कारण चिरलेला कोबी धुतल्यास त्यातील जीवनसत्त्वे पाण्याबरोबर वाहून जातात आणि कापांच्या कडांना पाणी धरून राहते.

पसरट लोखंडी कढई चांगली तापवून तीत तेल घालतात. मोहरी तडतडल्यावर जिरे, हिंग, कढीपत्ता आणि मिरच्या घालतात. शेवटी हळद घालून लगेच गाजर टाकतात. हळद तेलात फार वेळ राहिल्यास करपते. गाजर अर्धा मिनिट परतल्यावर कोबी घालतात. आच मोठी ठेवून कालथ्याने खालीवर करत कोबी दोन ते तीन मिनिटे परततात. झाकण ठेवत नाहीत. कोबीचा रंग उजळला, त्याचा फुगीरपणा थोडा कमी झाला आणि कच्चा वास गेला की आच बंद करतात. मग मीठ व साखर मिसळतात. पचडी लोखंडी कढईतून लगेच दुसऱ्या भांड्यात काढून घेतात. वाढण्याच्या वेळी कूट, लिंबाचा रस आणि कोथिंबीर घालून हलक्या हाताने कालवतात.

प्रमाण दुप्पट करावयाचे असल्यास कोबी दोन वेळा परतणे इष्ट ठरते. कढई निम्म्याहून अधिक भरल्यास तिची उष्णता उतरते व कोबी परतला जाण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतो.

पाण्याचे नियमन

कोबीत वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी असते. पचडी साधणे किंवा बिघडणे हे मुख्यतः या पाण्यावर अवलंबून असते. ते पानांच्या पेशींत असेपर्यंत कोबी करकरीत लागतो. बाहेर आल्यावर तो लिबलिबीत होतो व तळाशी पाणी साचते.

पाणी बाहेर येण्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण मीठ. मिठाच्या संपर्काने परासरण घडून पेशींतील पाणी बाहेर खेचले जाते. त्यामुळे मीठ आरंभी न घालता शेवटी घालतात. दुसरे कारण दीर्घकाळ मिळालेली मंद उष्णता. तिने पेशींची आवरणे सैल होतात. मोठ्या आचेवर मात्र सुटलेले थोडे पाणी तत्काळ उडून जाते. तिसरे कारण झाकण. झाकणाखाली वाफ कोंडून पुन्हा कोबीवर पडते. त्याचबरोबर भाजीतील आम्ले आतच राहिल्याने हिरवा रंगही मळकट होतो.

दाण्याचे कूट उरलेला ओलावा शोषून घेते. कूट लवकर घातल्यास ते भिजून त्याचा खमंगपणा जातो. ते अगदी बारीक असल्यास पचडी चिकट होते. म्हणून कूट जाडसर ठेवतात व शेवटी घालतात.

कोबी चिरला जाताच त्यातील एक विकर गंधकयुक्त घटकांवर क्रिया करते आणि मोहरीसारखा झणका निर्माण होतो. उष्णतेने हे विकर निष्क्रिय होते, त्यामुळे थोडे परतताच झणका ओसरतो. कोबी फार वेळ शिजवला तर मात्र त्याच घटकांपासून दुर्गंधीयुक्त गंधकवायू सुटू लागतात. झणका गेलेला, पण दुर्गंधी सुरू न झालेली, अशी जी थोड्या मिनिटांची अवस्था असते, तीत पचडी आचेवरून उतरवली जाते.

पोषणमूल्य

१०० ग्रॅम कच्च्या कोबीत क जीवनसत्त्वाचे प्रमाण साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम असते. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने नष्ट होते. पाण्यात उकडून ते पाणी फेकून दिल्यास त्याचा बराच भाग वाया जातो. थोडा वेळ कोरडे परतल्यास तो बऱ्याच अंशी टिकतो. शेवटी घातलेला लिंबाचा रस त्यात भर टाकतो.

ज्वारीप्रधान आहारात या जीवनसत्त्वाला विशेष महत्त्व आहे. ज्वारीत लोह असते, परंतु धान्यातील फायटेट या घटकाशी ते बांधले गेल्याने शरीरात त्याचे शोषण कमी होते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असल्यास लोहाचे रूपांतर सहज शोषल्या जाणाऱ्या रूपात होते. ही क्रिया पोटात अन्न एकत्र असतानाच घडत असल्याने लिंबू किंवा पचडी भाकरीच्याच घासाबरोबर खाणे उपयुक्त ठरते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा लोहाचे शोषण घटवतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. केवळ पचडीने रक्तक्षय बरा होत नाही. त्यासाठी तपासणी व वैद्यकीय उपचार आवश्यक असतात. तथापि रोजच्या भाकरीतील लोह अंगी लागण्यास अशा तोंडीलावण्याचा हातभार लागतो.

दाण्याच्या कुटातून प्रथिने व स्निग्ध पदार्थ मिळतात. भिजवलेली मूगडाळ घातल्यास ज्वारीत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्लही मिळते. कोबीतील काही घटक थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन घेण्यात अडथळा आणू शकतात. शिजवल्याने त्यांचा प्रभाव कमी होतो आणि आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या निरोगी व्यक्तीस तोंडीलावण्याएवढ्या प्रमाणातील कोबी सहसा अपायकारक ठरत नाही.

स्वच्छता आणि प्रचलित समज

कोबीतील किडा पोटातून मेंदूत जातो, असा समज लोकांत रूढ आहे व त्यामुळे अनेकजण कोबी खाण्याचे टाळतात. या समजात दोन वेगळ्या जीवांची गल्लत झालेली आहे. कोबीवर दिसणारी हिरवी अळी बहुधा चौकोनी ठिपक्याच्या पतंगाची असते. ती पिकाचे नुकसान करते, पण माणसाच्या शरीरात जगू शकत नाही. मेंदूत गाठी निर्माण करणारा जीव म्हणजे डुकरांत व माणसांत आढळणारी पट्टकृमी होय. तिची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि दूषित माती, पाणी किंवा अस्वच्छ हात यांमार्फत कोणत्याही भाजीवर येऊ शकतात. ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे अळी न दिसणे हे भाजी स्वच्छ असल्याचे लक्षण नव्हे आणि अळी दिसणे हे या रोगाचे कारण नव्हे.

धोका केवळ कोबीपुरता मर्यादित नाही. कच्चे खाल्ले जाणारे गाजर, मुळा, कोथिंबीर यांनाही तो लागू पडतो. बाहेरची पाने काढणे, पाने सुटी करून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुणे, हात साबणाने धुणे आणि शौचालयाचा वापर हे यावरील मुख्य उपाय आहेत. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवून ठेवल्याने अळ्या बाहेर येतात, परंतु सर्व जंतू किंवा अंडी नष्ट होत नाहीत. दोन-तीन मिनिटे परतल्याने धोका कमी होतो, मात्र ते पूर्ण शिजवण्याची बरोबरी करू शकत नाही. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असल्यास, तसेच यात्रेच्या किंवा साथीच्या काळात, पचडीऐवजी वाफवून पूर्ण शिजवलेली भाजी करणे श्रेयस्कर असते.

शेंगदाण्यांबाबतही दक्षता आवश्यक आहे. बुरशी आलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते व ते भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. सुरकुतलेले, काळवंडलेले किंवा खवट दाणे निवडून टाकून देतात.

टिकवणक्षमता

पचडी ताजी खाण्याचा पदार्थ आहे. मीठ आणि लिंबू घातल्यावर तासाभरात तिला पाणी सुटू लागते. उन्हाळ्यात सोलापूर परिसरात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत ती एका तासापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये. डब्यात न्यावयाची असल्यास परतलेला कोबी पूर्ण निववून भरतात व कूट आणि लिंबाची फोड वेगळी देतात. राहिलेली पचडी शीतकपाटात ठेवून दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात मळण्याची पद्धत आहे.

प्रकार

मूगडाळ घातलेली पचडी – दोन तास भिजवून निथळलेली मूगडाळ कोबीच्या आधी फोडणीत परततात.
मुळ्याची पचडी – किसलेला मुळा व त्याचा कोवळा पाला वापरतात. मुळ्याला अधिक पाणी सुटत असल्याने तो आणखी कमी वेळ परततात.
मिश्र पचडी – कोबी, गाजर, ढोबळी मिरची व कांद्याची पात समप्रमाणात घेतात. कठीण भाजी आधी आणि पात शेवटी घालतात.
खोबऱ्याची पचडी – कोकणात व गोव्यात कुटाऐवजी ओले खोबरे वापरतात.
कच्ची पचडी – कोबीवर कढत फोडणी ओतून कालवतात. फोडणीची उष्णता वरच्या थरापुरतीच पोहोचत असल्याने या प्रकारात धुण्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

तत्सम पदार्थ

गुजरातेतील 'सांभारो' हा परतलेल्या पचडीशी सर्वाधिक साम्य असलेला पदार्थ आहे. त्यात कोबी, गाजर किंवा कच्ची पपई मोहरीच्या फोडणीत थोडा वेळ परततात व तो फाफड्यासारख्या फरसाणाबरोबरही देतात. कर्नाटकातील 'कोसंबरी'त भिजवलेली डाळ व कच्ची भाजी असते. तमिळनाडूतील 'पोरियल' अधिक शिजवलेले असून त्यात खोबरे घालतात. पाश्चात्त्य देशांतील 'कोलस्लॉ' हे नाव डच भाषेतील 'कूलस्ला' म्हणजे कोबीचे सॅलड या शब्दावरून आले आहे. त्यात कोबी कच्चा असून तो अंड्याच्या किंवा शिरक्याच्या मिश्रणात कालवतात. मोठ्या आचेवर सतत हलवत परतण्याची चिनी पद्धत तंत्राच्या दृष्टीने पचडीस जवळची आहे. तथापि पचडीत मसाले आधी तेलात फोडणीस टाकतात आणि आंबटपणा अगदी शेवटी आणतात, हे तिचे वेगळेपण होय.